हार्ट थांबल्यानंतर मिळालेलं लिव्हर: घड्याळ कधी चालू करायचं, गार कसं ठेवायचं, तपासायचं कसं

सोलापुरात अवयवदानाची कोऑर्डिनेटर म्हणून काम करताना एकच चूक मला परत परत दिसते, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतेय. डोनरचं हार्ट बंद पडून लिव्हर निघतं तेव्हा आपल्या शीटवर मॉनिटरवरची सरळ रेघ आली ती वेळ असते, डॉक्टरांनी डिक्लेअर केलं ती वेळ असते, आणि ब्लड प्रेशर कधी पडायला लागलं ती वेळ मात्र कुणीच लिहिलेली नसते. लिव्हरचं नुकसान त्या पडलेल्या प्रेशरपासूनच सुरू झालेलं असतंय. पुण्याहून आलेले सर्जन पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

हे आयसीयूतल्या सिस्टर, ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन, ॲनेस्थेशियाचे रेसिडेंट आणि नवीन कोऑर्डिनेटर यांच्यासाठी आहे. ऑपरेशन कसं करायचं हे सर्जनला सांगायला मी बसलेली नाही, त्यांच्या आजूबाजूची जी कामं आपल्या हातात आहेत आणि आपल्याच हातून बिघडतात तेवढीच इथे आहेत.

१. आधी ठरवा, डोनर नक्की कुठल्या प्रकारचा आहे

हार्ट थांबल्यावरच्या डोनेशनचे प्रकार मास्ट्रिक्ट वर्गीकरणाने ओळखतात, १९९५ पासून. पहिल्या प्रकारात पेशंट मृत अवस्थेतच हॉस्पिटलला येतो, दुसऱ्यात सीपीआर (छाती दाबून हार्ट चालू करायचा प्रयत्न) करूनही परत येत नाही, तिसऱ्यात लाइफ सपोर्ट काढायचं ठरलेलं असतं आणि हार्ट थांबायची वाट बघितली जाते, चौथ्यात ब्रेन डेड (मेंदू कायमचा बंद, हार्ट मात्र चालू) डिक्लेअर झालेल्या डोनरचं हार्ट अवयव काढायच्या आत बंद पडतं.

आपल्याकडे खऱ्या अर्थाने समोर येतो तो चौथा प्रकार. एनएच ६५ वर ॲक्सिडेंट झालेला मुलगा असतो, ब्रेन डेथच्या दोन्ही टेस्ट झालेल्या असतात, घरचे हो म्हणालेले असतात, टीम वाटेत इंदापूरपर्यंत आलेली असते आणि इकडे प्रेशर धरत नाही. इथे नवीन लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ उडतो. दोन गोष्टी अगदी वेगवेगळ्या ठेवायच्या.

दोन्ही टेस्ट, किमान ६ तासांच्या अंतराने, चार डॉक्टरांच्या पॅनेलने पूर्ण केल्या असतील, फॉर्म १० वर चौघांच्या सह्या असतील आणि नातेवाईकांची फॉर्म ८ वर संमती असेल, तर कायद्याने मृत्यू झालेला आहे. मग हार्ट थांबलं तर टीमशी बोलून सीपीआर चालू ठेवत ओटीत नेता येतं.

पण पहिलीच टेस्ट झाली असेल तर तो अजून पेशंट आहे, डोनर नाही. हार्ट थांबलं तर सीपीआर त्याला वाचवण्यासाठी करायचा, पूर्ण जोर लावून, डोनेशनचा विचार डोक्यातसुद्धा आणायचा नाही. मग तो गेला तर गेला, आणि अशा वेळी लिव्हर बहुतेक वापरता येत नाही. हे स्वीकारायचं.

तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडंच. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मृत्यूच्या व्याख्येत ब्रेन डेथ आहे तसंच हार्ट आणि श्वास कायमचा थांबणंही आहे. लाइफ सपोर्ट काढायची प्रक्रिया मात्र वेगळी आहे. सुप्रीम कोर्टाने ती २०१८ मध्ये घालून दिली, २०२३ मध्ये सोपी केली, त्यात हॉस्पिटलचं प्रायमरी बोर्ड आणि सेकंडरी बोर्ड लागतं. तो निर्णय आधी, पूर्ण स्वतंत्र, डोनेशनचं बोलणं त्याच्यानंतर. सपोर्ट काढणारे आणि मृत्यू डिक्लेअर करणारे डॉक्टर हे ट्रान्सप्लांट टीममधले नसतात, कधीच नाही.

इशारा: नातेवाईकांशी बोलताना भाषा बघा. आपल्याकडे पूर्व भागातलं कुटुंब घरात तेलुगू बोलतं, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, इंडीकडचे लोक कन्नड बोलतात. मुलाला मराठी येतं म्हणून आईला समजलं असं धरून चालू नका, सही करणारा माणूस आणि समजून घेणारा माणूस एकच आहे का ते बघा. "हार्ट चालू आहे पण माणूस गेलाय" हे वाक्य ज्या भाषेत रडतात त्या भाषेतच कळतं.

चेक: फॉर्म ८, फॉर्म १०, एमएलसी (पोलीस केस) असेल तर पोलिसांची एनओसी आणि पीएम (पोस्टमॉर्टेम) करणाऱ्या डॉक्टरांना दिलेला निरोप. हे चार कागद एका फाइलमध्ये, फाइल एका माणसाच्या हातात.

२. तयारी, टीम यायच्या चार तास आधीपासून

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण हार्ट थांबल्यावर काहीही शोधायला वेळ राहत नाही.

बर्फ. दोन प्रकारचा लागतो आणि लोक तो एकत्र करतात. पोटात ओतायचा तो स्टेराइल स्लश, म्हणजे निर्जंतुक सलाईनचा पाणीदार बर्फ, आणि बॉक्समध्ये बाहेरून भरायचा तो साधा बर्फ. कारखान्यातली लादी फक्त बॉक्ससाठी, ती ओटीच्या टेबलाजवळसुद्धा येता कामा नये.

स्लश असा करतो आम्ही: सलाईनच्या प्लॅस्टिक बाटल्या आदल्या दिवसापासून डीप फ्रीजरला असतात, कमीत कमी १०-१२, ऑन कॉल असो नसो. गरज पडली की बाटली न उघडता जाड कपड्यात गुंडाळून हातोडीने बाहेरूनच ठोकायची, मग बाहेरचा माणूस बाटली पुसून कापतो आणि आतला बर्फ स्टेराइल भांड्यात पाडतो, वरून ४ डिग्रीचं गार सलाईन ओततो आणि स्क्रब झालेली सिस्टर हलवते. उसाच्या रसात टाकतात तसले खडे राहिले तर चालणार नाही, गोळेवाला किसतो तसा मऊ आणि पाणीदार हवा. कारण दोन आहेत, खड्याच्या धारेने लिव्हरचं कव्हर फाटतं, आणि उणे २० च्या फ्रीजरमधून थेट आलेला कोरडा खडा लिव्हरला चिकटला की तेवढा भाग गोठून मरतो. गार सलाईन मिसळलं की तापमान शून्याच्या आसपास येतं, मग धोका नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, स्लश अर्ध्या तासात पाणी होतो. तेव्हा एकदम सगळ्या बाटल्या फोडू नका, दोन दोन करून फोडा. आणि लाइट गेली तर फ्रीजर जनरेटरवर आहे का हे आजच जाऊन बघा, त्या रात्री बघायचं नाही.

फ्लुइड, म्हणजे लिव्हरमधलं रक्त धुऊन ते गार ठेवायला आत सोडायचं द्रावण (सोडणं म्हणजे फ्लश). यूडब्ल्यू किंवा एचटीके, जे टीम सांगेल ते. यूडब्ल्यू घट्ट असतं, पोटॅशियम खूप जास्त असतं, साधारण ४ लिटर एऑर्टातून (हार्टमधून निघणारी मोठी आर्टरी) आणि वर पोर्टलसाठी (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) वेगळं धरून चाला. एचटीके पाण्यासारखं पातळ, पण ते दुप्पट किंवा त्याहून जास्त लागतंय, म्हणून यूडब्ल्यूच्या हिशोबाने एचटीके मागवलं की मधेच संपतं. लेबलवर स्टोरेजचं तापमान काहीही लिहिलेलं असू दे, वापरताना बॅग ४ डिग्रीच्या जवळ गार हवी, म्हणजे आधी काही तास फ्रीजमध्ये. प्रत्येक बॅग उजेडाकडे धरा, आत कण तरंगताना दिसले तर बाजूला. एक्सपायरी मोठ्याने वाचा.

बाकी सामान: वेगवेगळ्या साइजच्या एऑर्टिक कॅन्युला (एऑर्टात घालायच्या नळ्या), रुंद सेट, वाय कनेक्टर, प्रेशर बॅग, दोन सक्शन आणि रिकामे जार भरपूर, तीन मापाच्या स्टेराइल पिशव्या, नाडी, कडक प्लॅस्टिक डबा, रक्ताच्या ट्यूब. लाईन आधी भरून हवा काढून टांगून ठेवायची. हवेचा बुडबुडा एऑर्टात गेला तर ते फ्लशिंग वाया.

आर्टिरियल लाईन, म्हणजे आर्टरीत घातलेली, प्रेशर सतत दाखवणारी नळी. हे ठळक लिहून ठेवा. प्रेशर खाली गेल्यावर कफ वाचत नाही, नुसता फुगतो, उतरतो आणि परत फुगतो, तोवर तीन मिनिटं गेली. डोनरला आर्टिरियल लाईन हवीच, आणि आयसीयूतून ओटीत शिफ्ट करताना ट्रान्सड्यूसर (तिचं प्रेशर मोजणारा भाग) कॉटच्या कडेला लोंबकळत राहतो, मग तो हार्टच्या लेव्हलला नसतो आणि आकडा खोटा दाखवतो. ओटीत पोचल्या पोचल्या लेव्हल आणि झीरो, मग बाकी सगळं.

चेक: आयसीयूचा मॉनिटर, ओटीचा मॉनिटर, ओटीच्या भिंतीवरचं घड्याळ आणि तुमचा मोबाइल, चारही एका वेळेला आणा. मोबाइलची नेटवर्कची वेळ खरी धरा, बाकी तिला जुळवा.

३. घड्याळ

भिंतीवरच्या घड्याळाचं एवढं का सांगतेय ते ऐका. काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलमध्ये, नाव नको, चौथ्या प्रकारचा डोनर होता, मोहोळकडचा तिशीतला माणूस. आयसीयूत प्रेशर पडायला लागलं, पळापळ झाली, सीपीआर करत ओटीत आणलं, टीमने झपाट्याने काम केलं, लिव्हर छान दिसत होतं. मग सर्जनने विचारलं, सिस्टोलिक (वरचं प्रेशर) ५० च्या खाली कधी गेलं? सिस्टर म्हणाली दोन वाजून दहा, रेसिडेंट म्हणाला सव्वादोन, शीटवर लिहिलेलं दोन वीस. ओटीचं घड्याळ आयसीयूच्या मॉनिटरपेक्षा सहा मिनिटं मागे होतं, म्हणजे त्या घड्याळावरून लिहिलेली फ्लशची वेळही खऱ्यापेक्षा सहा मिनिटं आधीची. प्रेशर पडल्यापासून फ्लशपर्यंतचा काळ १८ मिनिटांचा होता का ३४ मिनिटांचा, कुणालाच सांगता येईना. लिव्हर घेतलं नाही. त्याची आई बाहेर बाकड्यावर बसलेली, तिने मला विचारलं, "घेतलं ना गं बाई?" त्या दिवसापासून मी ओटीत गेले की पहिल्यांदा भिंतीकडे बघते.

आता नीट समजून घ्या. वॉर्म इस्केमिया, म्हणजे लिव्हर उबदार असतानाच त्याला रक्त न मिळाल्याचा वेळ (वॉर्म टाइम), दोन प्रकारे मोजतात. टोटल म्हणजे सपोर्ट काढल्यापासून गार फ्लश सुरू होईपर्यंत. फंक्शनल म्हणजे सिस्टोलिक ५० च्या खाली गेल्यापासून गार फ्लश सुरू होईपर्यंत. लिव्हरसाठी महत्त्वाचा हा दुसरा. काही सेंटर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ७० च्या खाली गेलं तिथपासून मोजतात. सर्वसाधारण मर्यादा ३० मिनिटं, २० च्या आत असेल तर उत्तम, त्याच्यापुढे प्रत्येक मिनिट महाग.

म्हणून आपण हिशोब करायचाच नाही, आपण फक्त लिहायचं. एका माणसाला दुसरं कुठलंही काम न देता उभं करा, दर मिनिटाला सिस्टोलिक, मीन, सॅच्युरेशन, हार्ट रेट. त्याच्याशिवाय या वेळा: सपोर्ट काढला (तिसऱ्या प्रकारात), सिस्टोलिक ५० खाली, सॅच्युरेशन ७० खाली, हार्ट थांबलं, डिक्लेअर केलं, कट घेतला, कॅन्युला आत, फ्लश सुरू, क्लॅम्प, लिव्हर बाहेर, लिव्हर बर्फात. सीपीआर चालू होता तर कधी सुरू, कधी बंद, मधे प्रेशर किती मिळत होतं.

प्रेशर ५० खाली जाऊन परत ६० वर आलं तर काय? दोन्ही लिहा. आपण ठरवायचं नाही की ते मोजायचं का नाही.

इशारा: तिसऱ्या प्रकारात हार्ट थांबल्यावर ५ मिनिटं कुणीही हात लावायचा नाही, बऱ्याच देशांत एवढीच वेळ आहे, इटलीत तर कायद्याने २० मिनिटं थांबतात. ती मिनिटं वॉर्म टाइममध्ये मोजली जातात हे खरं, तरी एक सेकंदही कमी करायचा नाही. नातेवाईक आत असतील तर त्यांना त्यांचा वेळ द्या. लिव्हरसाठी घाई आपण आपल्या तयारीत करायची, त्या पाच मिनिटांत नाही.

४. ओटीतली पहिली दहा मिनिटं

सर्जनचा क्रम माहीत असला की हातात काय द्यायचं ते कळतं. मधोमध लांब कट, एऑर्टा खाली जिथे दोन फाटे फुटतात तिथे पकडून कॅन्युला, फ्लश चालू, छातीतून किंवा डायफ्रामच्या खालून वर क्लॅम्प, व्हीनातून (हार्टकडे रक्त नेणारी मोठी शीर) रक्त बाहेर सोडायला वाट, आणि लगेच स्लश. फ्लश आधी, बाकी विच्छेदन नंतर. ब्रेन डेड डोनरच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये आधी सगळं मोकळं करून मग फ्लश देतात, तो क्रम इथे उलटा आहे, नेहमीची सवय असलेली सिस्टर इथेच चुकते, सर्जन कॅन्युला मागतो आणि ती डिसेक्शनचं सामान पुढे करते.

हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध): तिसऱ्या प्रकारात मृत्यूच्या आधी द्यायचं का नाही हे प्रोटोकॉलचं काम, अनेक ठिकाणी देत नाहीत, मग ते फ्लशच्या पहिल्या बॅगांमध्ये घालतात. टीमला आधी विचारून बॅगेवर मार्करने लिहा "हेपारिन घातलंय", दोनदा घातलं जाऊ नये आणि राहूही नये.

एऑर्टाच्या बॅगेला प्रेशर बॅग लावली तर चालते, घट्ट यूडब्ल्यूला तर लागतेच. पोर्टलच्या बॅगेला कधीच नाही, ती फक्त उंचीवरून वाहू द्या, दाब दिला की लिव्हर फुगून आतून खराब होतं.

चेक: व्हीनातून येणारं पाणी लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ होतंय का? पाच मिनिटांनंतरही गडद लाल येत असेल तर मोठ्याने सांगा, कॅन्युला पुढे सरकली असेल किंवा क्लॅम्प नीट बसला नसेल.

स्लश लिव्हरच्या वर टाकून थांबू नका, मागे, दोन्ही बाजूला, डायफ्रामच्या खाली भरा. फ्लश संपला तरी लिव्हर शरीरात असेपर्यंत आजूबाजूच्या उबेने ते परत कोमट होत राहतं, म्हणून बाहेर काढायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागावा, तासाच्या पुढे जाऊ नये. बाहेर काढेपर्यंत कुणीतरी स्लशची जबाबदारी घ्या.

आणखी एक गोष्ट, सर्जनला माहीत असते, आपल्याला माहीत असली की आपण गप्प राहतो आणि घाई करायला लावत नाही. काही लोकांत लिव्हरच्या उजव्या भागाची आर्टरी सुपिरियर मेसेंटेरिकमधून (आतड्याची आर्टरी) येते, काहींत डावी आर्टरी जठराच्या आर्टरीतून. हार्ट चालू असताना बोटाला ठोके लागतात म्हणून ती सापडते. इथे ठोकेच नाहीत. म्हणून ती आहेच असं धरून हळू काम करावं लागतं, कापली गेली तर लिव्हर अर्धं गेलं.

५. बॅक टेबल

बाहेर काढलेलं लिव्हर वेगळ्या टेबलावर धुऊन तयार करतात, ते बॅक टेबल. भांड्यात स्लश, त्यावर गार यूडब्ल्यू भरलेलं दुसरं भांडं, लिव्हर त्यात पूर्ण बुडालेलं. पोर्टल आणि आर्टरीतून परत थोडा फ्लश देतात.

पित्ताकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि या प्रकारच्या लिव्हरमध्ये पुढचे सगळे त्रास तिथूनच येतात. पित्तनलिकेला रक्त मुख्यतः हेपॅटिक आर्टरीच्या बारीक जाळ्यातून मिळतं, वॉर्म टाइममध्ये ते जाळं गुठळ्यांनी आणि ऑक्सिजनच्या कमतरतेने खराब होतं, आणि वरून नलिकेत उरलेलं पित्त तिचं आतलं अस्तर खात राहतं. ऑपरेशन छान होतं, पेशंट घरी जातो, आणि काही महिन्यांनी कावीळ, ताप, नलिका जागोजागी आकसलेली. याला इस्केमिक कोलँजिओपॅथी म्हणतात, काहींना परत ट्रान्सप्लांट लागतं.

म्हणून गॉल ब्लॅडर उघडून रिकामं, नलिका गार सलाईनने किंवा यूडब्ल्यूने हलक्या हाताने धुवायची, मऊ ट्यूब आणि सिरिंज, जोर नाही, स्वच्छ येईपर्यंत. सिरिंज तयार आहे का ते आपण बघायचं, मागितल्यावर शोधायचं नाही.

६. डोळ्याने आणि हाताने तपासणी

हे सर्जन करतात, तुम्ही लिहून घेता. रंग सगळीकडे सारखा फिकट तपकिरी झाला का, का कुठे काळपट लाल पट्टे राहिलेत (तिथे फ्लश पोचला नाही). कडा धारदार आहेत का गोलाकार. पिवळेपणा आहे का, बोटाने दाबलं की खळगा राहतो का, हे दोन्ही चरबीकडे बोट दाखवतात. कव्हर कुठे फाटलंय का, खाली रक्त साचलंय का, विशेषतः उजव्या बाजूला मागे, लिव्हर ओढताना तिथेच फाटतं. फोटो काढायचा तो टीमच्या प्रोटोकॉलप्रमाणे, फक्त अवयव आणि कोड नंबर, डोनरचं काहीही दिसता कामा नये, आणि तो स्वतःच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

चरबीचं गणित: मोठ्या थेंबांची चरबी ३० टक्क्यांच्या आत ठीक, ३० ते ६० मध्ये काळजी, ६० च्या पुढे नको. हार्ट थांबलेल्या डोनरमध्ये ३० च्या वरही लोक मागे सरकतात, कारण चरबीचं लिव्हर वॉर्म टाइम अजिबात सहन करत नाही.

बायोप्सी पाठवायची तर तुकडा फ्रोझनसाठी (लगेच गोठवून तपासायला) आहे का विचारा. फ्रोझनचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला की संपलं. कोरड्या गॉजवर उघडाही ठेवू नका, वाळतो आणि रिपोर्ट चुकतो. रात्री पॅथॉलॉजिस्ट आहेत का हा फोन चार तास आधी व्हायला हवा होता.

इशारा: दिसायला सुंदर म्हणून वॉर्म टाइमचं नुकसान झालेलं नाही असं नसतं. नलिकेचं नुकसान डोळ्याला दिसत नाही. माझ्या मते या लिव्हरच्या तपासणीत मिनिटांची शीट हा सगळ्यात महत्त्वाचा रिपोर्ट आहे, त्याच्यानंतर डोनरचं वय, वजन, एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासण्या), सोडियम, आयसीयूचे दिवस.

७. पॅकिंग

पहिली पिशवी: लिव्हर आणि ते पूर्ण बुडेल एवढं गार यूडब्ल्यू, हवा दाबून बाहेर, नाडीने घट्ट. दुसरी पिशवी: गार सलाईन, थोडा पातळ स्लश. तिसरी पिशवी: कोरडी, सगळ्याला बाहेरून. प्रत्येक पिशवी वेगळी बांधायची, तिन्ही तोंडं एकत्र गुंडाळून एकच गाठ मारतात ते चुकीचं, वरची सुटली की सगळीच सुटतात. मग कडक डबा, मग बॉक्स, खाली, चारी बाजूला आणि वर फोडलेला लादी बर्फ.

पहिल्या पिशवीत बर्फ नको. ड्राय आइस कुठेच नको, आइस्क्रीमचं दुकान जवळ आहे म्हणून कुणीतरी हौसेने आणतो, त्याने लिव्हर गोठतं. आपल्याला ० ते ४ डिग्री हवंय, गोठवायचं नाही.

सोबत: इलियाक आर्टरी आणि व्हीन वेगळ्या डबीत यूडब्ल्यूमध्ये (पुढे जोडायला तुकडा कमी पडला तर हेच वाचवतं), स्प्लीनचा तुकडा आणि लिम्फ नोड क्रॉसमॅचसाठी (डोनर आणि पेशंट जुळतात का ती तपासणी), डोनरच्या रक्ताच्या ट्यूब, मिनिटांच्या शीटची कॉपी. लेबलवर कोड, ब्लड ग्रुप, फ्लश सुरू झाल्याची वेळ. ब्लड ग्रुप दोघांनी वाचायचा, एकाने कागदावरून, एकाने लेबलवरून.

चेक: बॉक्स बंद करायच्या आधी डबा हलवा, आत पाणी डबडबल्याचा आवाज पिशवीबाहेर येतोय का? येत असेल तर गळतंय, उघडा, परत बांधा. पाच मिनिटं गेली तरी चालतील.

८. रस्ता

आपल्या भागाचं वाटप पुण्याच्या झेडटीसीसीतून (अवयव कुणाला द्यायचा ते ठरवणारी विभागीय समिती) होतं, लिव्हर बहुतेक पुण्याला जातं, अडीचशे किलोमीटर. हार्ट थांबलेल्या डोनरच्या लिव्हरला बर्फातला वेळ ८ तासांच्या आत, शक्यतो ६ च्या जवळ हवा. हिशोब असा मांडा: फ्लश रात्री २ ला, लिव्हर बाहेर २.४०, पॅक ३.१५, गाडी हलली ३.३०, पुणे ७.१५, तिथे बॅक टेबल, बर्फातून बाहेर ८.३०. साडेसहा तास झाले. आता या हिशोबात अर्धा तास चहाला, अर्धा तास सहीला घालून बघा.

ग्रीन कॉरिडॉरसाठी (गाडीला मोकळा रस्ता) ट्रॅफिक आणि ग्रामीण पोलिसांना निरोप बॉक्स तयार झाल्यावर द्यायचा नाही, कट घेतला की द्यायचा. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, टोलनाक्यांना गाडी नंबरसकट आधीच कळवा. एसी चालू असलेली गाडी, बॉक्स उन्हाच्या बाजूला नाही, सीटला बांधलेला, मधे झाकण उघडून बघायचं नाही. डिझेल भरलेलं.

पुढचं सेंटर पेशंटला टेबलवर कधी घेतं हे तुमच्या फोनवर अवलंबून असतं. गाडी टेंभुर्णीला पोचली, भिगवणला पोचली, दोन शब्दांचे मेसेज पुरे.

९. मशीनवरची तपासणी

ज्या सेंटरकडे मशीन आहे तिथे बर्फातून काढून लिव्हर मशीनवर चढवतात. आपल्या हातातलं काम नाही, पण शीटचा उपयोग कुठे होतो ते कळावं.

गार पद्धत: ८ ते १२ डिग्रीला, रक्ताशिवाय, ऑक्सिजन मिसळलेलं फ्लुइड एक-दोन तास फिरवायचं, पोर्टलमधून अगदी कमी दाबाने, काही ठिकाणी आर्टरीतूनही. पेशीतल्या मायटोकाँड्रियाला (पेशीला ऊर्जा देणारा भाग) परत रक्त मिळायच्या आधी सावरायला वेळ मिळतो. नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेली ट्रायल २०२१ मध्ये आली, हार्ट थांबलेल्या डोनरची लिव्हरं, १५६ पेशंट: त्रास देणारं नलिकेचं आकसणं मशीनवाल्यांत ६ टक्के, नुसत्या बर्फवाल्यांत १८ टक्के. तपासणीसाठी फ्लुइडमध्ये एफएमएन नावाचा पदार्थ मोजतात, जास्त सुटला म्हणजे मायटोकाँड्रिया जखमी.

उबदार पद्धत: ३७ डिग्रीला, रक्त फिरवून लिव्हरला काम करायला लावायचं. ते जिवंत असेल तर लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की साचणारं आम्ल) खाऊन टाकतं. बर्मिंगहॅमच्या २०२० च्या अभ्यासात सगळ्यांनी नाकारलेली ३१ लिव्हरं अशी तपासली, २२ बसवली गेली. त्यांची अट: ४ तासांत लॅक्टेट २.५ किंवा खाली, आणि याच्यापैकी किमान दोन: पित्त तयार होणं, पीएच ७.३ किंवा वर, साखर वापरली जाणं, आर्टरीतून मिनिटाला १५० मिली आणि पोर्टलमधून ५०० मिलीचा प्रवाह, सगळीकडे सारखं भरणं. पित्त आलं म्हणून खूश व्हायचं नाही, त्याचा पीएच बघायचा. ७.५ च्या वर चढला आणि पित्तातली साखर कमी असली तर नलिकेचं अस्तर काम करतंय.

लॅक्टेट हे लिव्हरच्या पेशीचं सांगतं, पित्ताचा पीएच नलिकेचं. पहिलं चांगलं आणि दुसरं वाईट असं होऊ शकतं, तेव्हा एकाच आकड्यावर कुणी आनंद केला तर विश्वास ठेवू नका.

तिसरी वाट शरीरातच आहे: मृत्यू डिक्लेअर झाल्यावर पोटातल्या अवयवांपुरतं रक्त मशीनने दोनेक तास फिरवणं. त्यात छातीतली एऑर्टा क्लॅम्प करतात, म्हणजे मेंदूकडे रक्त जात नाही. ही अट सुटली तर सगळी प्रक्रियाच चुकीची ठरते, म्हणून प्रशिक्षित टीमशिवाय तिच्या वाटेला जायचं नाही.

१०. नको म्हणायची वेळ

फंक्शनल वॉर्म टाइम ३० च्या पुढे, डोनर साठीच्या वर, वजनदार, चरबी, त्यात बर्फात सहा तासांहून जास्त, आणि समोरचा पेशंट आधीच खूप आजारी. यातली एखादी गोष्ट असेल तर सर्जन विचार करतात, तीन-चार एकत्र आल्या तर घेत नाहीत, आणि घेऊ नये. एवढी धावपळ केली म्हणून बसवा, असा दबाव आपण कुणीही टाकायचा नाही. शीटवरची वेळ दोन मिनिटांनी कमी करून लिहायचा मोह कुणाला झाला तर त्याला थांबवा, ते लिव्हर ज्याच्या पोटात जाणार तो माणूस त्या दोन मिनिटांवर झोपलेला असतो.

११. बॉक्स गेल्यावर

गाडीचा सायरन गेला की ओटी रिकामी होते, आणि ही कामं राहून जातात. शरीर नीट शिवायचं, पुसायचं, स्वच्छ चादरीत. शिवण घट्ट आणि एकसारखी हवी, घरी आंघोळ घालतात, तेव्हा बघणाऱ्याला त्रास होऊ नये. एमएलसी असेल तर पंचनामा आणि पीएमची वेळ आधीच ठरवून घ्या, नाहीतर नातेवाईक शवागाराबाहेर दुपारपर्यंत उन्हात थांबतात. शववाहिका गावापर्यंत, तिचे पैसे त्यांच्याकडे मागितले जाणार नाहीत हे बघा.

मूळ शीट फाइलमध्ये, कॉपी बॉक्ससोबत गेलेली. फ्रीजरमध्ये सलाईनच्या बाटल्या परत भरा, त्याच सकाळी.

आणि लिव्हर शेवटी वापरलं गेलं नाही तर घरच्यांना तुम्ही सांगा, दुसऱ्याकडून कळायच्या आत, त्यांच्या भाषेत, समोर बसून. किडनी, डोळे दुसऱ्याला मिळाले असतील तर तेही सांगा. मी त्या मोहोळच्या आईला दोन दिवसांनी घरी जाऊन सांगितलं, तिने ऐकून घेतलं, डोळ्यांचं विचारलं, आणि मला भाकरी खाऊन जा म्हणाली.